परिव्राजकाचा मुक्काम

"आणखी चार बोटं उजवीकडं घ्या, खैरमोडे," मेहेंदळे सर म्हणाले.

त्यांच्या हातात होकायंत्र होतं. प्राचार्यपदावरून निवृत्त होताना भूगोल विभागानं शाल-नारळाबरोबर भेट दिलेलं. ते गाडीच्या दारात धरून, एक डोळा मिटून सर सुईकडं बघत होते, आणि मी स्टिअरिंगवर घाम पुसत होतो. वीस फूट लांब गाडी चार बोटं उजवीकडं घ्यायची म्हणजे पाचदा पुढं आणि पाचदा मागं. एस्टीच्या वर्कशॉपात मी एकतीस वर्षं काढली, दरीच्या काठावरून गाड्या ओढून काढल्या, पण गाडी बोटांनी मोजणारा माणूस मला निवृत्त झाल्यावरच भेटायचा होता.

"बस्स. आता स्वयंपाकघर बरोबर आग्नेयेला आलं."

मी म्हटलं, "सर, गाडीला कसली आलीय आग्नेय?"

"गाडी म्हणू नका, खैरमोडे. हे घर आहे."

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, साताऱ्यातली. सरांनी निवृत्तीनंतर एक लांब व्हॅन घेतली आणि कोल्हापूरच्या एका कारखान्यात आतून तिचं घर करून घेतलं. दोन पलंग, गॅस, बेसिन, फ्रीज, इवलंसं न्हाणीघर, सगळं. पुढच्या काचेवर पेंटरकडून नाव काढून घेतलं, परिव्राजक. मी मुलाला अर्थ विचारला तर म्हणाला, एका जागी न थांबणारा संन्यासी. आयला, म्हटलं, हा संन्यासी तर वर्षभर मेहेंदळ्यांच्या आवारातून हललेला नाही.

एकदाच गेले होते, नवीन घेतल्यावर. पाचगणीला. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारी परत. त्या एका मुक्कामावर सरांनी नऊ व्याख्यानं दिली. 'चाकांवरचं घर : एक जीवनदृष्टी' असा विषय. ज्येष्ठ नागरिक संघात झालं, वाचनालयात झालं, दोन शाळांत झालं. लोक गाडी बघायला यायचे. सर त्यांना चपला बाहेर काढायला लावायचे आणि आत नेऊन भिंतीवरच्या पाट्या दाखवायचे. प्राचार्य माणूस, पाट्यांशिवाय करमणार कसं? 'वस्तू वापरून जागच्या जागी ठेवावी.' 'पाणी जपून वापरावे.' आणि एक, 'प्रवासात हात खिडकीबाहेर काढू नये.' ती वाचली की मला हसू आवरायचं नाही.

मला त्यांनी देखभालीला ठेवलं होतं. दोन मोहिमांच्या मधल्या काळात गाडी सांभाळायची, हे माझं काम. हा मधला काळ काही संपायला तयार नव्हता, ते सोडा. पण काम कमी नव्हतं. लोकांना वाटतं, गाडी उभी आहे, तिला काय लागतंय? उभ्या गाडीला धावत्या गाडीपेक्षा जास्त लागतं. टाकीतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर आठवड्यात वास मारतं. फ्रीजच्या दारात फडकं अडकवून ते उघडं ठेवायचं. गाद्या उभ्या करायच्या. बोनेटखाली डांबराच्या गोळ्या, नाहीतर उंदीर वायरी खातात. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी, नाहीतर गांधीलमाश्या संसार थाटतात. आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला गाडी थोडी पुढंमागं करायची, नाहीतर सगळा भार एकाच जागी पडून टायर चपटे होतात.

पण सरांनी गाडीची वास्तुशांत केली होती. खोटं नाही सांगत. होमहवन, वास्तुपुरुष, पन्नास पानं जेवायला. त्यांचा एक वास्तुतज्ज्ञ होता, त्यानं सांगितलं की तुमच्या बंगल्याची वास्तू सदोष आहे, या मोटारहोमची मात्र निर्दोष आहे, फक्त आता हिची दिशा बदलू देऊ नका. झालं. सरांचा हुकूम सुटला, इंजिन चालू करा, गाडी हलवू नका. टायरचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, श्रद्धेत थोडा त्याग करावा लागतो. टायर काही माझे नव्हते, पण जीव माझा तुटायचा.

म्हणून मी चोरी करायचो. दर शनिवारी चार वाजता सर संघात गेले की गाडी चालू करून गेटपर्यंत न्यायची आणि परत आणून होती तशी उभी करायची. कितीही जपलं तरी दोन-चार बोटांचा फरक पडायचाच. रविवारी सर होकायंत्र घेऊन बाहेर आले की बुचकळ्यात पडायचे. शेवटी त्यांनी शोध लावला की साताऱ्याखालचं चुंबकीय क्षेत्र सरकतंय. त्यावर वर्तमानपत्रात पत्रही लिहिलं. ते छापून आलं, आणि सरांनी मला त्याची एक प्रत दिली.

या चोरीत मी एकटा नव्हतो. कुमुदवहिनी सामील होत्या. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, सत्तरीला टेकलेल्या. पाठीचे दोन मणके गेलेले. चालता यायचं, आडवं पडता यायचं, पण अर्धा तास बसणं म्हणजे शिक्षा. मुळात गाडी घेतली ती वहिनींच्या पाठीसाठी, हे सर प्रत्येक व्याख्यानात सांगायचे. पडल्या पडल्या सगळा देश बघेल, असं वाक्य होतं त्यांचं.

पहिल्या शनिवारी मी गाडी हलवताना वहिनींनी मला पकडलं. मला वाटलं, आता शोभा होणार. त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "थांबा, मला आत आडवं होऊ द्या. मग हलवा."

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. वहिनी आत पलंगावर पडायच्या, उशी दुमडून खिडकीकडं तोंड करायच्या, आणि मी गाडी गेटपर्यंत न्यायचो. तीस पावलं जायला, तीस पावलं यायला. खिडकीतून दिसायचं काय, तर कंपाउंडची भिंत आणि शेजाऱ्यांचा वाळत घातलेला टॉवेल. पण वहिनींचा चेहरा असा व्हायचा की मी गाडी मुद्दाम पहिल्या गिअरात रांगत न्यायचो.

एका शनिवारी गेटपाशी त्यांनी धारवाडचं सांगितलं. त्यांची थोरली बहीण, माई, तिकडं असायची. तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा वहिनी तीन वर्षांच्या होत्या, त्यांना माईंनीच वाढवलं. सहा वर्षं भेट नव्हती. मी म्हटलं, रेल्वे आहे की. तर म्हणाल्या, डब्याच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि गाडी लेट झाली तर फलाटावर कुठं आडवी पडू? ॲम्ब्युलन्सचं म्हणाल तर ॲम्ब्युलन्समधून उतरताना बघून माईच आधी जायची. मग हसल्या, आणि म्हणाल्या, "एवढं घर दारात उभं आहे आणि मी गेटपर्यंत जाते."

भाद्रपदात धारवाडहून भाच्याचा, श्रीनिवासचा फोन आला. माईंनी अंथरूण धरलं होतं. वय त्र्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काही नाही, ज्यांना भेटायचंय त्यांनी येऊन जा.

मला वाटलं, आता तरी परिव्राजक निघणार. मी सरांना न विचारता टायरमध्ये हवा भरली, ऑइल बदललं, पाण्याची टाकी धुतली. सर बाहेर आले, म्हणाले, उत्तम, पण प्रस्थान लगेच नाही. गणपती आहेत. गणपती झाले तर पितृपक्ष लागला, पितृपक्षात कोण प्रवासाला निघतं का? मी म्हटलं, सर, एस्टी तर रोज भरून जाते. तर म्हणाले, ते प्रवासी, आपण परिव्राजक. पितृपक्षानंतर काय, असं वहिनींनी विचारलं. त्यानंतर नवरात्र, घट बसणार. घट बसलेलं घर नऊ दिवस बंद करून जात नाहीत. मग दसऱ्याला शुभ मुहूर्तावर थेट सीमोल्लंघनच करू. सरांनी कॅलेंडरवर खूणसुद्धा केली. मी म्हटलं, सर, तुम्हाला सवड नसेल तर मी नेतो वहिनींना. ते एकदम ताठ झाले. सारथ्य स्वतः करायचं हे आपलं तत्त्व आहे, असं म्हणाले आणि घरात गेले. मला असा संताप आला त्या माणसाचा! माई काय दसऱ्याची वाट बघत थांबणार होत्या?

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी वहिनी सरांना म्हणाल्या, यंदा घट बंगल्यात नको, परिव्राजकात बसवू. बंगल्याची वास्तू सदोष, इथली निर्दोष, शांत झालेली. देवीला चांगल्या जागी बसवलेलं बरं. सर इतके खूश झाले की विचारू नका. अशी कल्पना मला कशी सुचली नाही, असं चारदा म्हणाले. अष्टमीला संघाच्या मंडळींना दर्शनाला बोलावूनही टाकलं, आणि त्याच दिवशी दहावं व्याख्यान.

मला वहिनींनी बोलावून आतली जागा दाखवली. दोन पलंगांच्या मधे, खाली, आडोशाला. म्हणाल्या, "इथं पाट पक्का करून द्या. घट हलता कामा नये." मी पाट चार बोल्टांनी जमिनीला आवळला, भोवती चार इंच उंच लाकडी कड मारली, घटाच्या मापाचं रबराचं कडं केलं. अखंड दिव्यासाठी त्या म्हणाल्या, वारा लागणार नाही असं काहीतरी करा, तर कंदिलाची काच बसवून दिली. मला वाटलं, दर्शनाला गर्दी होणार, कुणाचा पाय लागेल, म्हणून ही काळजी. शपथेवर सांगतो, माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. यंत्रातलं कळतं मला, माणसातलं उशिरा कळतं.

घट बसले. परडीत माती, मातीत सप्तधान्य, वर माळ, पुढं दिवा. सरांनी फोटो काढून गावभर पाठवले.

तिसऱ्या माळेला सकाळी आठला श्रीनिवासचा फोन आला. माईंनी दोन दिवस काही घेतलं नव्हतं, बोलणंही थांबलं होतं. बोलणं थांबायच्या आधी दोनदा कुमुद कुठंय म्हणाल्या होत्या. मी तेव्हा आवारातच होतो. वहिनी फोन ठेवून बाहेर आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. पिशवी आधीच भरलेली होती.

"चला," त्या म्हणाल्या.

सर पायरीवर उभे राहिले. "कुमुद, तिसरी माळ आहे. घट बसलेलं घर सोडून जात नाहीत, हे मी तुला सांगायला हवं का?"

"घर कुठं सोडतेय मी? घरातच बसणार आहे."

सरांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा परीक्षेत स्वतःचाच पेपर हाती आल्यासारखा झाला. म्हणाले, घट हलवायचा नसतो. वहिनी म्हणाल्या, घट पाटावरून हलणार नाही, खैरमोड्यांनी चार बोल्ट मारलेत. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. मग ते म्हणाले, दिशेचं काय? आग्नेय जाईल. तर वहिनी म्हणाल्या, तुम्ही चौतीस वर्षं भूगोल शिकवलात, पृथ्वी फिरते म्हणून कुणाच्या घरातली देवी उठून जाते का?

सर माझ्याकडं वळले. "खैरमोडे, तुम्ही तरी सांगा हिला. शेवटी ही गाडी आहे हो."

वर्षात पहिल्यांदा ते गाडी म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं. "घर आहे. पन्नास पानं जेवलीत. मीही जेवलोय."

मग वहिनी आवाज न चढवता म्हणाल्या, "मला आईचा चेहरा आठवत नाही. आई म्हटलं की माईचाच येतो डोळ्यांपुढं. तो मला एकदा बघायचाय. तुम्ही या, नाहीतर राहा."

सरांनी विचारलं, "चालवणार कोण?"

"मी आहे की," मी म्हटलं.

सर मटकन पायरीवर बसले. मला वाटलं, तत्त्व मोडलं म्हणून खचले. मग उठले आणि म्हणाले, थांबा, तेलाची बाटली आणि वाती घेतो, दिवा कोण सांभाळणार?

गॅसचं सिलिंडर मी काढून बंगल्यात ठेवलं. पेटता दिवा आणि गॅस एका गाडीत मी ठेवणार नव्हतो, देवीचा असला तरी. नऊला निघालो. वहिनी एका पलंगावर आडव्या, समोर घट, आणि दुसऱ्या पलंगाला टेकून खाली मांडी घालून आमचे प्राचार्य, दोन्ही हातांनी कंदिलाची काच धरून. गेटमधून बाहेर पडलो तेव्हा मी आरशात बघितलं. वहिनींनी डोळे मिटले होते. भिंत संपल्यावर उघडले.

पन्नासच्या वर मी काटा जाऊ दिला नाही. कराडपर्यंत सर दर वळणाला होकायंत्र बघून दिशा सांगत होते. आता नैऋत्य, आता दक्षिण. कराडनंतर थांबले. टोलनाक्यावरच्या माणसानं ही गाडी कोणत्या प्रकारात धरायची म्हणून आत डोकावलं, घट बघून हात जोडले आणि काही न विचारता फाटक उघडलं. सर नुसते बसून राहिले. व्याख्यान द्यायची इतकी चांगली संधी त्यांनी सोडली, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

कोल्हापूर मागं टाकून कागलच्या पुढं चहाला थांबलो. वहिनींना झोप लागली होती. दिव्यापाशी कुणीतरी हवं, म्हणून मी चहा गाडीत नेला. सरांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"खैरमोडे, मला या गाडीची भीती वाटते."

मी वहिनींकडं बघितलं, त्या झोपेतच होत्या.

"पाचगणीला जाताना एका वळणावर बंद पडली. चालू करायला गेलो तर मागं घसरली. दोन-तीन हात. मागं कठडा नव्हता. कुमुद अशीच झोपलेली होती, तिला काही कळलं नाही. मी ब्रेकवर उभा राहिलो अक्षरशः. पाय थरथरत होते. ते अजून थांबलेले नाहीत." ते तिच्याकडं बघत होते. "त्या दिवशी मी तिला मारलंच असतं."

"मग दुसऱ्याला चालवायला द्यायची होती, सर."

"तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर आलं होतं. पण तोवर नऊ व्याख्यानं झाली होती."

मी वर्षभर या माणसाला हसलो होतो. घरी जेवताना त्याच्या नकला करून बायकोला हसवलं होतं. मला लाज वाटली, आणि रागही आला. एक वाक्य बोलले असते तर माई हिंडत्या-फिरत्या असतानाच वहिनी त्यांना भेटल्या असत्या. साध्या माणसाला भीती वाटली की तो भीती वाटते म्हणतो, शिकलेला माणूस तत्त्व काढतो. पण हे त्यांना ऐकवण्यात काही अर्थ नव्हता. दिव्यातलं तेल कमी झालं होतं. मी बाटली त्यांच्या हाताशी दिली आणि गाडी चालू केली. राज्याची हद्द ओलांडली तेव्हा मागून आवाज आला, "सीमोल्लंघन सात दिवस आधीच झालं." त्यात थोडं हसू होतं, असं मला वाटलं.

धारवाडला पोचायला पाच वाजले. माईंचं घर जुन्या भागात, बोळ अरुंद. गाडी तोंडाशीच चिंचेखाली उभी केली. श्रीनिवास पळत आला आणि आधी म्हणाला, आहे अजून. वहिनी माझ्या आधारानं उतरल्या. सर उतरू शकत नव्हते, दिवा एकटा सोडायचा नाही. त्यांनी खिडकीतून मला हाक मारून विचारलं, उद्या किती वाजता निघायचं, अष्टमीला मंडळी यायची आहेत. मी म्हटलं, वहिनींना विचारून सांगतो.

माई पुढं कोजागिरीच्या आदल्या दिवशी गेल्या. सरांनी दसऱ्यापर्यंत त्या चिंचेखाली, त्या गाडीत, श्रीनिवासनं दिलेल्या स्टोव्हवर एकट्यानं स्वयंपाक करून, दिवा सांभाळून दिवस काढले. दहावं व्याख्यान त्यांनी कधीच दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी एस्टीनं परत आलो आणि दसऱ्याला गाडी आणायला पुन्हा गेलो. पण हे सगळं नंतरचं. माझ्या डोळ्यांपुढं राहिलीय ती माईंची खोली.

उंच लाकडी पलंग, त्यावर मूठभर म्हातारी, डोळे मिटलेले. श्रीनिवासनं खुर्ची पुढं केली. वहिनींनी ती हातानं बाजूला सारली. मी त्यांना धरून पलंगावर टेकवलं, पाय उचलून वर घेतले, आणि त्या हळूहळू माईंच्या शेजारी आडव्या झाल्या. दोघींची तोंडं एकमेकींकडं.

"माई, मी कुमुद."

काहीच झालं नाही. वहिनी तो चेहरा नुसत्या बघत राहिल्या. मी जायला वळलो तेव्हा माईंनी डोळे उघडले. हात पांघरुणातून बाहेर यायला फार वेळ लागला. तो वहिनींच्या गालावर येऊन थांबला.

"किती दिवस आहेस?"

"सात दिवस. घट बसलेत. उठल्याशिवाय हलायचं नाही मला इथून."

माईंनी जरा विचार केला. मग अगदी रोजच्या आवाजात, धाकट्या बहिणीला बोलावं तसं, म्हणाल्या, "मग थोडी सरक तिकडं, कुमे. अंगावर आलीयेस."